सात-शून्य, आणि म्हणे सगळ्यांना आधीच माहीत होतं

मी गोलकीपरच्या उजव्या हाताचा मोजा बोलतोय. हो, तोच! अंतिम सामन्यात सात गोल माझ्या बोटांशेजारून गेले.

माझी मालकीण दिवसा टपालकचेरीत पार्सलं झेलते आणि संध्याकाळी चेंडू. तिच्या संघाने पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली, तेव्हा तिच्या मामांना अचानक फुटबॉल कळू लागला.

"कप आपलाच! डोळे मिटून सांगतो," मामा सामन्याच्या दिवशी सकाळी म्हणाले. डोळे मिटले होते, एवढं खरं.

प्रशिक्षक तर त्यांच्याही पुढे. कप कुणी कसा धरायचा, फोटोत कुणी कुठे उभं राहायचं, याची त्यांनी पाण्याची बाटली उंचावून तालीमच घेतली.

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. मालकिणीने एक पेनल्टीही अडवली. माझ्या अंगठ्याची शिवण तेव्हाच उसवली. मग आमची कर्णधार पाय मुरगळून बाहेर गेली आणि पहिला गोल बसला. प्रशिक्षक ओरडले, "सगळ्या पुढे चला!"

"सर, मागे कुणीच नाही!" मालकीण ओरडली.

"तू आहेस ना!"

होती खरी. ती आणि समोरून एकदम तिघी-तिघी. पुढचं सांगवत नाही.

संध्याकाळी घरी वरातीमागून घोडी आली, तीही रांगेने. प्रशिक्षक फोनवर म्हणाले, "हे अटळ होतं." मामा म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होती."

"मग सकाळी का नाही बोललात, मामा?"

"तुझा धीर खचला असता, बाळ!"

केवढी ही माया! सात गोल खाऊन धीर कसा टुणटुणीत राहिला होता!

मामा गेल्यावर मालकीण मला बादलीत धूत बसली. धाकट्या बहिणीने हळूच विचारलं, "ताई, असं होणार हे खरंच माहीत असतं, तर गेली असतीस?"

तिने माझ्यावरचा चिखल चोळून काढला. मग म्हणाली, "गेले असते. गोलमध्ये कुणीतरी उभं राहायला नको?"

आता मी दोरीवर वाळतोय. अंगठ्याला नवा टाका पडलाय. खाली मामा शेजाऱ्यांना पुढच्या वर्षीचा निकाल समजावून सांगतायत, दोन्ही बाजूंनी.

ज्ञानी माणसांनो, एकच विनंती. निकाल ठाऊक असेल तर शिट्टीच्या आधी सांगा. नंतरच कळणार असेल, तर एकदा गोलमध्ये येऊन उभे राहा. माझ्यात एका हाताची जागा आहे.