सुराआधीचा वारा

बॉयलर टिलमन मंचावर उताणा पडला आणि दोन्ही टाचा फळ्यांवर आपटत सॅक्सोफोनमधून एकच खर्जातला सूर पुन्हा पुन्हा ओकू लागला. भों, भों, भों. त्याच्या पोटाचा उंचवटा भात्यासारखा खालीवर होत होता. पुढे बसलेल्या बायकांनी हातातले पंखे खाली टाकले होते. एक म्हातारा आपली हॅट जमिनीवर आपटून तिच्याभोवती नाचत होता, आणि त्याची बायको त्याला आवरायचं सोडून स्वतःच टाळ्या पिटत होती.

समोरच्या मंचावर अर्डेला पिकेट आपला सॅक्सोफोन गळ्यात अडकवून उभी होती. भिजायला म्हणून तोंडात धरलेली रीड, फुंकताना थरथरणारी ती वेताची पातळ पट्टी, केव्हाच मऊ झाली होती, पण ती काढून नळीला बांधायचं भान तिला राहिलं नव्हतं.

"गिळू नकोस हां ती," ड्रमच्या मागून लोनीकाका म्हणाला. "दुसरी आणलेली नाही आपण."

एकोणीस जूनचा मेळा होता. गुलामांच्या सुटकेची खबर टेक्सासला पोचली तो दिवस. सकाळपासून ह्यूस्टनमधली थर्ड वॉर्ड ही काळ्यांची सगळी वस्ती पार्कात उतरली होती. डुकराच्या बरगड्या भाजल्याचा धूर झाडांत अडकून राहिला होता, पोरांच्या जिभा लाल सोड्यानं रंगल्या होत्या, आणि दुपारच्या उन्हात दोन बाजूंच्या दोन मंचांवर दोन बँड एकमेकांसमोर उभे ठाकले होते. एका बाजूला डॅलसहून आलेला टिलमनचा बँड, स्वतःची बस असलेला, रेकॉर्डी निघालेला. दुसऱ्या बाजूला आयझॅया पिकेट शिंप्याचा बँड, म्हणजे तो स्वतः ट्रम्पेटवर, त्याचा भाऊ लोनी ड्रमवर, गल्लीतले चारदोन जण आणि मुलगी अर्डेला.

टिलमनच्या बँडमधला दुसरा सॅक्सोफोनवाला वसंतात बोमाँटच्या एका विधवेशी लग्न करून तिथंच राहिला होता. त्याची खुर्ची अजून रिकामी आहे आणि टिलमन वाटेत लागेल त्या मेळ्यातून माणूस उचलतो, ही बातमी अर्डेलाच्या कानावर आली होती. त्या दिवसापासून तिला धड जेवण गेलं नव्हतं. बापाला तिनं काही सांगितलं नव्हतं. लोनीकाकाला सांगावं लागलं नाही. त्यानं तिच्याकडे पाहूनच ओळखलं.

टिलमन उठला, कोट झटकला आणि आपल्या नळीचं तोंड अर्डेलाकडे करून थोडा झुकला. तुझी पाळी, असा त्याचा अर्थ होता.

आयझॅयानं मुलीच्या जवळ येऊन नेहमीचंच सांगितलं, की साफ वाजव, लिहिलंय तेवढं वाजव. सॅक्सोफोन त्यानंच तिला शिकवला होता आणि त्याचं एक ठरलेलं मत होतं : सूर इस्त्री केलेल्या कॉलरसारखा हवा, चुणी दिसता कामा नये. भुंकणं, किंचाळणं, गुरगुरणं ही कामं त्यानं कुत्र्यामांजरांना सोडून दिली होती.

अर्डेलानं मान हलवली. रीड बांधली. मग ती नेहमीच्या जागी न थांबता पुढे गेली आणि गाणारी बाई उभी राहते त्या मायक्रोफोनला नळीचं तोंड जवळजवळ टेकवून उभी राहिली. टिलमनला मायक्रोफोन कधी लागतच नसे.

लोनीनं ताल धरला. अर्डेलानं हनुवटी खाली सोडली, ओठ सैल केला आणि फुंकर घातली. आधी नुसता वारा आला. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. मग त्या वाऱ्याच्या पोटातून एक सूर, इतका हलका की मागच्या लोकांना वाटलं, अजून सुरूच झालं नाही. कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. भाजणाऱ्यानं चिमटा हातात तसाच धरला. हे वाजवणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेजारचे मिस्टर ओट्स रेल्वेत रात्रपाळी करत आणि दिवसा झोपत. मधली भिंत पातळ, आणि त्यांचा राग जाडजूड. वर्षानुवर्षं ती त्यांची झोप न मोडता वाजवत आली होती.

पहिली फेरी तिनं तशीच कानात सांगितल्यासारखी वाजवली. दुसरीत तिनं सूर वाकवायला सुरुवात केली. जबडा जरासा ढिला करून ती सुराला खालून धरे आणि हळूहळू ओढत वर त्याच्या जागी आणून ठेवी, शाळेला उशीर झालेल्या पोराला हाताला धरून आणावं तशी. एक बाई "हां, आण त्याला," असं म्हणाली आणि आजूबाजूचे हसले. मग अर्डेलानं फुंकणंच थांबवलं आणि नुसत्या चाव्या बोटांनी बडवल्या. मायक्रोफोनमधून टपटप, टपटप असा आवाज पार्कभर पसरला. लोनीकाकानं काठ्या उचलून धरल्या आणि तिलाच ताल देऊ दिला. त्यावर तिनं रीडवर जीभ आपटून टक् टक् असे कोरडे सूर टाकले. मग एकच सूर दोन वेगवेगळ्या चाव्यांनी आळीपाळीनं असा वाजवला की दोन शेजारणी एकाच गोष्टीवरून भांडताहेत असं वाटावं.

नियमाप्रमाणे दोन फेऱ्यांनंतर ट्रम्पेट आत यायचा. आयझॅयानं ट्रम्पेट ओठांपर्यंत नेला. थांबला. खाली घेतला.

तेव्हा ती गुरगुरली. फुंकताफुंकता गळ्यातून गायली, आणि गळ्याचा सूर नि नळीचा सूर एकमेकांवर घासून असा काही खरखरीत आवाज निघाला की तिचेच दात झणझणले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. ती काय गात होती ते तिला नंतर आठवेना. समोरची गर्दी मात्र उठून उभी राहिली होती, टिलमनच्या मंचापुढची माणसं पळत इकडे येत होती, आणि हॅटवाला म्हातारा आता बायकोच्याच हॅटभोवती नाचत होता. शेवटचा उंच सूर तिनं दातांच्या जोरावर ओढून काढला आणि सोडून दिला.

आरडाओरडा ओसरला तसं जाहीर झालं, की जुगलबंदीची दुसरी फेरी जराशा विश्रांतीनंतर, कलिंगडं कापून झाली की. आयझॅयानं खिशातला रुमाल काढून मुलीला दिला, आणि तो इस्त्री केलेला होता.

बँडच्या ट्रकमागे ती पाणी पीत असताना टिलमन आला. जवळून तो आणखी अवाढव्य दिसत होता. लोनीकाकानं एकवार दोघांकडे पाहिलं, आपल्याला कलिंगड आणायचंय असं हवेकडे बघत सांगितलं आणि तो निघून गेला. खुर्चीचं विचारलं की हो म्हणायचं, लगेच म्हणायचं, मग बापाचं काय ते बघू, एवढंच अर्डेलानं ठरवलं होतं.

टिलमननं आधी मागे वळून पाहिलं, कुणी नाही ना याची खात्री करून घेतली.

"मिस पिकेट, ते पहिलं," तो म्हणाला. "वारा येतो ते. ते कसं करता तुम्ही?"

तिला वाटलं, परीक्षा घेतोय. ओठ सैल सोडायचा, असं तिनं सांगितलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि अंगठ्यानं खालचा ओठ खाली ओढला. आतून एक पांढुरका व्रण गेला होता.

"लेक चार्ल्स गावाजवळ बस उलटली तेव्हाचं. ओठ शिवला डॉक्टरनं, पण जीव नाही त्यात. रीड आहे का नाही तेच कळत नाही मला. घट्ट आवळून जोरात फुंकलं की आवाज येतो, म्हणून जोरात फुंकतो. लोकांना वाटतं बॉयलर पेटलाय." तो थोडं हसला. "लोळलं, टाचा आपटल्या की कुणी हळू वाजव म्हणत नाही. पूर्वी मी हळू वाजवायचो, पोरी. बायका रडायच्या."

अर्डेलाच्या ओठांवर आलेला होकार तिथंच राहिला.

"गेल्या वर्षी माझी दाढ काढली," ती म्हणाली. "अर्धं तोंड बधिर, आणि त्याच दुपारी लग्नाचं वाजवायचं होतं. पपा म्हणाले, घेतलेलं काम सोडायचं नाही."

"मग?"

"ओठाचा नाद सोडला. कानानं धरलं. आणा तुमचा इकडे."

त्यानं गळ्यातला सॅक्सोफोन पुढे घेतला. हनुवटी खाली, असं तिनं सांगितलं. तो आवळतच होता. शेवटी तिनं दोन बोटं त्याच्या हनुवटीवर ठेवून ती हलकेच खाली ओढली, लहान मुलाला औषध पाजताना धरावी तशी, आणि एवढा मोठा माणूस गुमान उभा राहिला. पहिल्यांदा भोंगा निघाला. दुसऱ्यांदा किंचाळी. मग नुसती हवा. तो वैतागून नळी काढायला लागला तशी तिनं त्याचा हात धरला.

"हवा आली ना, मग झालंय. सूर आणू नका. हवेचा आवाज ऐकत राहा, तो येतो त्याचा त्याचा."

तो ऐकत राहिला. पलीकडे मंचावरून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो निघाला, वळला, काहीतरी म्हणणार असं वाटलं, पण हॅटला हात लावून चालता झाला. तो बराच लांब गेल्यावर अर्डेलाच्या लक्षात आलं, की खुर्चीचा विषय त्यानं काढला नाही, आणि आपणही विचारलं नाही.

ती धावत आपल्या मंचावर पोचली तेव्हा टिलमन समोर उभा होता. लोक त्याच्या टाचांची वाट पाहत होते. पोरांनी आधीच फळ्या बडवायला घेतल्या होत्या. तो चालत मायक्रोफोनपाशी गेला. त्याच्या बँडमधल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानं हनुवटी खाली सोडली आणि फुंकलं.

काही आलं नाही. नुसती हवा. मागे कुणीतरी हसलं.

"बॉयलर विझला वाटतं," लोनीकाका म्हणाला. "जिंकलीस तू, पोरी."

अर्डेलानं त्याच्याकडे न बघताच हात मागे करून त्याच्या काठ्या धरल्या, थांब, ऐक म्हणून. हवा अजून येतच होती. तिची स्वतःची हनुवटी खाली उतरली होती, ओठ सैल झाला होता, आणि आयझॅया पिकेट ट्रम्पेट काखेत धरून कधी समोर टिलमनच्या, कधी आपल्या मुलीच्या तोंडाकडे पाहत होता.