आतून लागणारं दार

कुलपांच्या धंद्यात पस्तीस वर्षं काढल्यावर दाराकडे नुसतं बघून माझं मत तयार होतं. माझी मुलगी शिकवते त्या शाळेतली वीस दारं मी तासाभरात पाहिली आणि कपाळाला हात लावला. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कुठे चौकट फुगलेली, कुठे बिजागरी लोंबलेली. आणि सगळ्यांची कुलपं बाहेरून लागणारी, तीही किल्लीनेच.

शाळेच्या समितीला मात्र कॅमेरे हवे होते. शेजारच्या शाळेत कोणी अनोळखी माणूस घुसल्यापासून पालक हवालदिल झाले होते, आणि कॅमेरा कसा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. जमलेल्या पैशांत एकतर सोळा कॅमेरे बसणार होते, नाहीतर आतून लागणारी वीस कुलपं. कुलपं एवढी महाग कशी, असं अध्यक्षांनी विचारलं. मी सांगितलं, कुलूप परवडतं, दारं परवडत नाहीत. प्रत्येक चौकट तासावी लागणार. शिवाय आग लागली तर सहा वर्षांच्या पोरालाही ते आतून किल्लीशिवाय, एका हाताने उघडता आलं पाहिजे. तसलं कुलूप भंगारात मिळत नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, मुलगी शाळेत, बापाचं दुकान, म्हणजे सगळं घरातल्या घरात. माझं डोकं फिरलं. मजुरी एक पैसा घेणार नाही म्हणालो, पण आधी वर्गात चला आणि दार लावून दाखवा.

शाळा सुटली होती. मुलीच्या वर्गात ती एकटीच वह्या तपासत होती. मी किल्ली अध्यक्षांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, समजा बाकांवर चाळीस मुलं आहेत आणि जिन्यावर कोणीतरी आलंय. गडी तडफेने उठला, व्हरांड्यात गेला, दार ओढलं, चौकटीशी झटापट केली, किल्ली उलटी घातली. शेवटी कुलूप लागलं. मुलं आत, अध्यक्ष बाहेर. काचेतून त्यांचा उतरलेला चेहरा दिसला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

आत आल्यावर त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, "बाई, अशा वेळी तुम्ही काय करणार?"

"बाहेरून लावणार आणि बाहेरच थांबणार," ती म्हणाली. "माझं ठरलंय ते."

वहीवरून मान वर न करता बोलली. रोज माझ्यासमोर बसून जेवते ही मुलगी, आणि मला याचा पत्ता नव्हता.

कुलपं ठरली. माझी मजुरी वाचली त्यात कॅमेरे दोनच आले, फाटकापुरते. मी तिच्या दारापासून सुरुवात करणार होतो, पण तिने मला बालवर्गाकडे पिटाळलं. मग एकेक चौकट तासत, नाकी नऊ येत, पंधरा दिवसांनी तिच्या वर्गापाशी पोहोचलो. स्क्रू आवळले, ती आत गेली आणि तिने कुलूप लावलं.

"बाबा, ढकला आता," ती आतून म्हणाली.

मी खांदा लावला, अंगातलं सगळं बळ लावलं. दार तसूभरही हललं नाही. उगाचच मी आणखी दोनदा ढकललं.