न उघडलेलं पुस्तक

प्रकल्प जमा करायला दोन दिवस उरले, की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो: "संदर्भ कुठून आणायचे?" उत्तरही ठरलेलं, मागच्या वर्षीच्या कुणाचे तरी उचलायचे! महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीनेही तेच केलं. दहा संदर्भ हवे होते. एका सिनियरच्या प्रकल्पातून दहाच्या दहा उतरवून घेतले. विषय होता फरशी कारखान्यातली धूळ, कारण आई तिथेच फरशा घासायच्या विभागात होती. एका पुस्तकाच्या नावावर दिलेलं वाक्यही तिने जसंच्या तसं घेतलं: 'ही धूळ निरुपद्रवी असते.'

पैकीच्या पैकी गुण मिळाले. आईला आकाश ठेंगणं झालं. तिने प्रकल्पाची एक प्रत थेट मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली. "साहेब, माझ्या लेकीने लिहिलंय, आपल्याच कारखान्यावर!"

वर्षभरात आईला खोकला लागला तो हटेना. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब राहा. आईने पॅकिंगमध्ये बदली मागितली. आठवड्याने पत्र आलं.

"वाच गं, तूच वाच," आई म्हणाली.

बदली नाकारली होती. धूळ निरुपद्रवी असल्याचं एका महाविद्यालयीन प्रकल्पात सिद्ध झालं आहे, असं कारण दिलं होतं. खाली प्रकल्पाचं नाव होतं. आणि तिचंही.

"थांबलीस का?" आईने विचारलं. मुलीने पत्राची घडी घातली.

ती तडक ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल बाई निवृत्तीला आलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी संदर्भातलं ते पुस्तक काढून समोर आपटलं.

"मागच्या चिठ्ठीवर एक तरी तारीख दिसतेय का? हे पुस्तक आजवर कुणी नेलेलंच नाही. आणि तेवीस प्रकल्पांत याचा संदर्भ आहे! मी मोजलेत."

मुलीने पान काढलं. वाक्य होतं, पण ते तिथे संपत नव्हतं. 'ओली असेपर्यंत ही धूळ निरुपद्रवी असते. कोरडी झाली, की फुफ्फुसात बसते आणि निघत नाही.'

"बाई, अर्धंच घेतलंय!"

"पहिल्याने इथेच उभ्याउभ्या अर्धं उचललं, बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवलं. जे पाहिलं नाहीस, त्याची कोर्टात साक्ष देशील? मग इथे कशी दिलीस, पोरी?"

पुस्तक घेऊन ती मॅनेजरसमोर उभी राहिली. त्याने ते उघडलंही नाही.

"तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

तिने पुस्तक उचललं. मान खाली घालून ती परत आली आणि तिने आईला सगळं सांगितलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं!

"मीच माझ्या हाताने नेऊन दिलं गं ते," आई एवढंच म्हणाली.

मुलीने प्रकल्प नव्याने लिहायला घेतला आहे. आता ती प्रत्येक पुस्तक स्वतः उघडते, हव्या त्या वाक्याच्या मागचं-पुढचं पान वाचते, जेवणाच्या सुट्टीत आईच्या विभागातल्या अकरा बायकांशी बोलून त्यांचं म्हणणं टिपून घेते. काम पुरं व्हायला महिने लागतील. तोवर आई रोज सकाळी तोंडाला ओलं फडकं बांधून त्याच मशीनवर उभी राहते.

मित्रहो, संदर्भांची यादी ही शेवटच्या पानाची सजावट नव्हे. आपण न वाचता लिहिलेलं कुणीतरी खरं मानतं, आणि भोगतं भलतंच माणूस. या मुलीच्या बाबतीत ते माणूस शेजारच्या खोलीत खोकत असतं.