गावाची खुर्ची

धाडच्या माळावर सिस्टर क्लारांनी पत्र्याच्या खोलीत शाळा काढली, तेव्हा जमीन गावाने दिली होती. पुढे शाळेचं कॉलेज झालं, कॉलेजचं विद्यापीठ. पण सिस्टरांनी घालून दिलेल्या दोन रीती टिकल्या. कारभारी मंडळात एक खुर्ची गावाची. आणि ठरावाला हात वर करायचे नाहीत; शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले की मंजूर, एक जरी बसून राहिला तरी नामंजूर.

सिस्टर गेल्यानंतर गावाच्या खुर्चीवर नारायणराव बसत. देवाचं नाव निघालं की उठायचं, एवढंच त्या भल्या माणसाच्या अंगवळणी. असेच एकदा उठले आणि शेतकीचा वर्ग बंद करून घरी आले.

"मामंजी, काऊन उठले?" सून कोकिळाने विचारलं होतं.

"देवाचं नाव घेतलं त्यायनं. बसून राहू काय, पोरी?"

आता खुर्ची कोकिळाबाईंकडे होती, आणि ठराव होता मुलींचं वसतिगृह मोडून पाहुण्यांसाठी विश्रामगृह बांधायचा. खेड्यांतल्या पोरी एसटीने ये-जा करतील, म्हणे. एसटीची वाट कधी पाहिली होती या शहाण्यांनी! कोकिळाबाईंनी एकेका बापाशी भांडून त्या पोरी इथे आणल्या होत्या. वसतिगृह गेलं की पोरींची पुस्तकं माळ्यावर आणि पोरी बोहल्यावर.

हे सगळं त्यांनी सांगितलं. "चांगला मुद्दा," कुलगुरू फादर बेनेडिक्ट म्हणाले आणि प्रार्थनेला उभे राहिले. भराभर सगळेच उठले.

कोकिळाबाईही आपसूक उठू लागल्या. जन्माची सवय ती! त्यांनी खुर्चीचे हात गच्च धरले. लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग मोठा होता.

"कोकिळाताई, प्रार्थना आहे," फादर हळूच म्हणाले.

"हाव, आयकून राह्यली ना."

"देवाचा तरी मान ठेवा."

"देवाले मी घरून निघतानाच सांगतलं, फादर, की आज बसून हात जोडीन. त्याले राग येत नाही. तुमाले आला तं येऊ द्या."

फादरांचा चेहरा उतरला. "ही रीत फार जुनी झाली. आता बदलावीच लागेल."

"बदला ना! पन तो ठराव बी प्रार्थनेलेच उभं राहून मंजूर होईन. अन् मी तं बसेलच हाव."

कुणीतरी खोकलं. फादरांनी डोळे मिटून प्रार्थना उरकली.

"आमेन," सगळे पुटपुटले.

कोकिळाबाईही म्हणाल्या, बसूनच, सगळ्यांत मोठ्याने.