टाकीचा सांडवा

धारला तळ्यांची कमी नाही, पण समुद्र काही जवळपास नाही. तरी शार्दूलने तो आपल्या बैठकीत आणून ठेवला होता. दोन फुटांची काचेची टाकी, खारं पाणी, जिवंत प्रवाळाचे चार-पाच खडे आणि नारिंगी माशांची एक जोडी. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेला अक्कलही नसते, असं त्याच्या आई, माई, आल्यागेल्यासमोर म्हणायच्या.

दोन हजार सहाच्या दिवाळीआधी पीथमपूरच्या कारखान्यातून सुटून शार्दूल शिफ्टच्या बसमध्ये बसला. बस धारला थांबली, सगळे उतरले, तो उठला नाही. सोबतच्यांना वाटलं, डोळा लागलाय.

आता चैत्र संपत आला होता. त्याची बायको उर्वी शाळेत शिकवायला जात होती, पोळ्या लाटत होती, माशांना चिमूटभर खाणं टाकत होती. लोक म्हणत, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली! तिच्या आत काही हलतच नव्हतं. भूक लागत नव्हती, जेवायची वेळ झाली म्हणून ती जेवायची.

टाकीच्या पाण्यावर मात्र तेलकट साय धरायला लागली होती. शार्दूल असता तर आतापर्यंत खाली दुसरी टाकी आली असती. वरचं पाणी काठावरून सांडून खाली आलं असतं, तिथे साफ झालं असतं आणि पंपाने परत वर गेलं असतं. सांडवायचं कसं, यावरच त्याचं घोडं अडलं होतं. मागच्या काचेला भोक पाडायचं, की काठावर उलट्या नळीची पेटी अडकवून पाणी ओढून घ्यायचं? भोक पाडताना काच तडकली तर सगळंच गेलं. काचेवर त्याने मार्करने एक गोल काढला होता, पुसला होता आणि पुन्हा काढला होता. तो गोल अजून तसाच होता.

आता ठरवायचं उर्वीने. उन्हाळ्यात हे पाणी असंच राहिलं तर प्रवाळ जाणार, मागोमाग मासे. शार्दूलच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. तेही मेलं तर आपल्याला काही वाटेल का, असा प्रश्न तिला पडे, आणि उत्तराची भीती वाटे. भीती एवढीच काय ती वाटायची.

देवासहून तिचा भाऊ अभिषेक आला तो इंदूरहून पेटी घेऊनच. "उर्वी, भोकाचा चक्कर छोड," तो म्हणाला. "काच फुटली की बस, खेळ खतम. हे नुसतं लटकवायचं. मी बोललोय दुकानवाल्या भियाशी, एकदम बढिया चीज आहे."

खालची टाकीही त्यानेच मांडली, पेटी लावली, पंप सुरू केला. पाणी उलट्या नळीतून सुळसुळत खाली जाऊ लागलं, वरची साय बघता बघता निघाली. अभिषेक खुशीत देवासला परतला.

दुसऱ्या दुपारी लाइट गेली. त्यात काही नवल नव्हतं; त्या वर्षांत धारला लाइट राहिली तर लोक चकित व्हायचे. नवल झालं ते लाइट आल्यावर. मधल्या वेळात पेटीत हवा शिरली होती. पंप खालचं पाणी वर फेकत राहिला, पेटी काही ओढेना. टाकी काठोकाठ भरली आणि फरशीवर सांडू लागली. उर्वी समोरच उभी होती. पाणी तिच्या पायांच्या बोटांपर्यंत आलं, तरी ती बघत राहिली. बटण हाताच्या अंतरावर होतं, पण हात उठला नाही.

"अगं, बघतेस काय! बंद कर!" माई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनीच पंप बंद केला.

आवाजाने सासरेही बाहेर आले. उमाशंकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले; घरात सगळे त्यांना दादा म्हणत. मुलगा गेल्यापासून ते 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोलले नव्हते. त्यांनी ओली फरशी पाहिली, पेटी पाहिली.

"ज्या सांडव्याला दरवेळी माणूस लागतो, तो सांडवा नव्हे," ते म्हणाले. "भिंतीतच वाट हवी. लाइट असो, नसो, पाणी त्या पातळीला आलं की आपलं आपण जाईल. बंद पडलं तर तिथेच थांबेल."

"काच फुटली तर, दादा?" उर्वीने विचारलं.

"फुटेल कदाचित," दादा म्हणाले. "पण हे असं रोज बुडण्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे."

उर्वीने मान डोलावली. "भोकच पाडू."

मासे आणि प्रवाळ टाकीच्याच पाण्यात टबात काढायचे होते. त्याआधी तिने खारटपणा मोजायची नळी पाण्यात तरंगत सोडली. आकडा पाहून ती थबकली. शार्दूलने ठेवला होता तेवढाच. हे कसं शक्य होतं? हवेने गोडं पाणी उडतं, मीठ मागे राहतं; रोज पाण्याची भर घालावी लागते. तिने तर त्या दिवसापासून थेंबभर पाणी घातलं नव्हतं. आणि टाकीतली पातळी? तीही उतरली नव्हती. इतके महिने तिच्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

"माई, टाकीत कोणी पाणी घालतं का?"

माईंनी पदराला हात पुसले. "मीच. वर्षश्राद्धापर्यंत गेलेल्यासाठी रोज पाणी ठेवायचं असतं आपल्यात. दुसऱ्या दिवशी ते मोरीत नाही ओतायचं, तुळशीला घालायचं. तुळस गच्चीवर. माझे गुडघे हे असे. मग म्हटलं, त्याचं पाणी, त्याच्याच माशांना."

"कशातून घालता?" उर्वीचा आवाज एकदम चढला. तांबं उतरलेलं पाणी प्रवाळाला विष.

"तांब्यातून नाही गं," माई म्हणाल्या. "एकदा तांब्या घेऊन टाकीपाशी गेले होते, तर केवढा ओरडला होता माझ्यावर. त्याच्या मुंजीतल्या स्टीलच्या पेल्यातून घालते."

एवढी टाकी आपणच सांभाळतोय, असं उर्वीला वाटत होतं. सांभाळत होत्या माई, काही ठाऊक नसताना. तिला स्वतःची लाज वाटली.

दादा स्वतः काचवाल्याकडे टाकी घेऊन गेले आणि भोक पडेपर्यंत तिथेच उभे राहिले. काच तडकली नाही. संध्याकाळी टाकी भरली, मासे आत गेले. लाइट दोनदा गेली आणि आली; पाणी थांबलं आणि आपलं आपण पुन्हा वाहू लागलं. फरशी कोरडी राहिली.

सकाळी माई पेला घेऊन आल्या आणि टाकीपाशी घुटमळल्या. "आता कुठे घालू गं? वर घातलं तर वाहून जाईल ना त्याचं पाणी?"

"वरच घाला, माई. खाली जाऊन परत वरच येतं."

माईंनी पेला तिच्याच हातात दिला. पेल्यावर शार्दूलचं नाव कोरलेलं होतं, मुंजीची तारीखही. उर्वीने पाणी हळूहळू ओतलं. ते काठाशी गेलं, भोकातून खाली पडलं. पडताना आवाज झाला, आणि तिचा घसा कोरडा पडला. रडू नाही आलं. तहान लागली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, कासावीस करणारी तहान.

"माई, मला पाणी द्या."

माईंनी तिच्या हातातून तोच पेला घेतला, विसळला, माठातून भरला आणि तिच्यापुढे धरला.

"पी," त्या म्हणाल्या. "सगळं पी."