चौदा नंबरचा फॉर्म

लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईने अडतिसाव्या वर्षी विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला जावं, हे कुणाच्या पचनी पडलं नव्हतं. अपवाद थोरल्या बहिणीचा. ताईही त्याच लॉन्ड्रीत कामाला, आणि शनिवारी धाकटीचा तास असला की आपली सुट्टी सोडून तिच्या जागी मशीनवर उभी राहायची. "शीक गं बाई," म्हणायची, "घरात एक तरी डोकं असू दे." त्यावर सगळे हसायचे. ताई असली की लॉन्ड्री हसतच असायची.

धाकटीने बाकीचे विषय कसेबसे रेटले. घोडं अडलं ते संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्रापाशी. त्या पेपरात ती एकदा आपटली होती. आता शेवटची संधी होती आणि आज दोन वाजता प्रकल्प सादर करायचा होता. विषय तिने हाताशी होता तोच घेतला, लॉन्ड्रीतल्या माणसांचं मन. तीस कामगार, प्रत्येकाला वीस वाक्यं. 'सकाळी उठावंसं वाटत नाही.' 'मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही.' पुढे चार चौकोन, एकात खूण करायची. बेरीज जितकी जास्त तितका माणूस खचलेला.

फॉर्मवर नाव नव्हतं. प्रत्येकाने नंबराची चिठ्ठी उचलायची, नंबर फॉर्मवर लिहायचा आणि चिठ्ठीवर आपलं नाव घालून ती पाकिटात टाकायची. ते पाकीट शिकवणाऱ्या बाईंनी चिकटवून, वर सही ठोकून कपाटात ठेवलं होतं. "कुणाच्या जिवावर बेतलं तरच उघडायचं," असं त्यांनी बजावलं होतं.

बेरजा आल्या तेव्हा धाकटी हरखली. जो तो खचलेला! दुसऱ्याचं दुःख बघून इतकं खूश होऊ नये, पण काठावर पास होणाऱ्या माणसाला एवढा पोच कुठून असणार? एक चौदा नंबर तेवढा तिच्या सरासरीची माती करत होता. त्याची बेरीज फक्त बावीस. "हा कोण सुखी जीव मेला," ती पुटपुटली आणि तो आकडा गाळायचं ठरवून ती आज, शनिवारी, साडेबाराला कॉम्प्युटरच्या खोलीत बसली.

पण बाईंचा एक नियम होता. सगळ्यांपेक्षा वेगळा पडलेला आकडा गाळण्याआधी मूळ कागद हातात घेऊन बघायचा. तिने फाइलमधून चौदा नंबर काढला.

अठरा खुणा पहिल्या चौकोनात, दोन दुसऱ्यात. पहिल्या चौकोनावर लिहिलं होतं, 'नेहमी'.

धाकटीने पडद्यावरचे आकडे ताडून पाहिले. तिने सगळे चौकोन डावीकडून एक, दोन, तीन, चार असे भरले होते. 'नेहमी'ला चार द्यायचे होते, तिने एक दिला होता. म्हणजे तिची सगळी बेरीज उलटी होती. एकोणतीस माणसं बऱ्यापैकी ठीक होती. आणि चौदा नंबरची खरी बेरीज ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर.

आधी तिला आपल्या मार्कांचीच भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. मग तिची नजर शेवटच्या वाक्यावर गेली. 'हे सगळं संपवून टाकावंसं वाटतं.' नेहमी. खूण इतकी दाबून केली होती की कागद मागून उठला होता. फॉर्म भरून सतरा दिवस झाले होते.

ती जिना दोन-दोन पायऱ्या करत चढली. बाईंना काय सांगितलं ते तिचं तिलाच कळलं नाही, पण बाईंनी फॉर्म पाहिला आणि पाकीट फाडलं. चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. चौदा नंबर त्यांनी शोधून तिच्या हातात दिला.

ताईचं अक्षर होतं.

"काहीतरी चूक आहे," धाकटी म्हणाली. "माझी बहीण आहे ही. ती सगळ्यांना हसवते."

"फोन लावा," बाई म्हणाल्या.

ताईचा फोन वाजत राहिला. धाकटीने मुकादमाला लावला.

"ताई? ती तर अकरालाच गेली," मुकादम म्हणाला. "जाताना स्टुलावरची आपली उशी मला देऊन गेली. म्हणाली, राहू दे तुला, पाठ दुखते ना तुझी."

त्या उशीला ताई कुणाला हात लावू देत नसे. धाकटीने पुन्हा ताईचा नंबर लावला. एक रिंग, दोन, पाच, सात. बाई उभ्या राहून गाडीची किल्ली शोधत होत्या.

"हं," पलीकडून आवाज आला.

"ताई! कुठे आहेस? घरी आहेस ना? चौदा नंबर... ताई, मी तुझा फॉर्म आत्ता वाचला गं. मी येते, तू तिथून हलू नकोस, फोन ठेवू नकोस!"



"नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून नाही लिहिलं," ताई म्हणाली. "पण वाचणार तूच होतीस ना. रोज वाट बघत होते, आज विचारशील, उद्या विचारशील."