फोटो येण्याआधी

माझ्या आईला मी तीन वर्षांत सतरा वेळा म्हटलं असेल, माय, जळगावला चल. सतराही वेळा तिने एकच उत्तर दिलं, कुंदनचा कंप्युटर एकटा कसा ठेवू. मी कंप्युटरच शिकवते, जळगावला क्लास आहे माझा, आणि माझ्याच आईला मी सांगू शकत नव्हते की तो लोखंडी डबा आहे, त्याला एकटं वाटत नाही.

कुंदन माझा धाकटा भाऊ. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, बत्तीस वर्षांचा. धुळ्यातल्या आमच्या देवपूरच्या घरी पुढच्या खोलीत बसून लोकांचे फॉर्म भरून द्यायचा, शिष्यवृत्तीचे, सातबाऱ्याचे, भरतीचे. त्या खोलीत आता आई एकटी. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आहे, पण ती त्याच्याकडे बघत नाही. तिचं म्हणणं असं, "हार घालेल तो गयेल शे. कंप्युटरमधला रोज येस." सकाळी आंघोळ झाली की ती बटण दाबते, दोन-तीन मिनिटांत पडद्यावर कुंदन येतो, आणि तिचा दिवस सुरू होतो. एवढंच तिला त्या यंत्रातलं कळतं, आणि तेवढं तिला पुरतं.

मागच्या महिन्यात ती मोरीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, नशीब. पण दोन तास ती तिथेच पडून होती आणि दुधवाला आला म्हणून कळलं. त्या रात्रीपासून मला झोप नाही. तिला जळगावला आणायचंच, एवढं एकच डोक्यात होतं. अशात शनिवारी तिचा फोन आला.

"दिपा, कंप्युटर अटकी गया. फोटोच येत नही."

मी विचारलं, कधीपासून. तर म्हणे, वर्ष झालं अटकायला. पण आधी फोटो आला की मग अटकायचा, त्यामुळे तिने कुणाला सांगितलंच नाही. "माले काय, बरंच व्हतं. दिनभर फोटो ऱ्हाये. आते फोटो येवाना पहिलेच अटकस."

मी कपाळावर हात मारला. अख्खं वर्ष यंत्र बोंबलत होतं आणि माझी आई त्याच्यासमोर समाधानाने बसून होती. मी म्हटलं, रविवारी येते, दुरुस्त करते. ती म्हणाली, "नीट नही व्हयना त मी येस तुनासंगे. मंग आठे काय शे मनं?"

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. ती पहिल्यांदा हो म्हणाली होती. आणि ते माझ्या हातात होतं.

रविवारी सकाळी धुळ्याला उतरले. आईने चहा टाकला, मी बटण दाबलं. यंत्र सुरू झालं, कंपनीचं नाव आलं, खालचे ठिपके फिरू लागले आणि फिरता फिरता थांबले. माउस हलेना, कीबोर्डवरचा दिवा लागेना. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. सेफ मोडमध्ये चालू करून पाहिलं, तिथेही दीड मिनिटात गप्प. माउस, कीबोर्ड, पडद्याची वायर, सगळं उपसून पुन्हा लावलं. मागची विजेची केबल बदलली. दुखणं म्हशीला अन् औषध पखालीला, असं माझं चाललं होतं, आणि ते मला कळतही होतं. मी मुलांना नेहमी सांगते, आधी बघा, मग हात घाला. स्वतःच्या भावाच्या यंत्रापुढे बसले आणि सगळं विसरले.

मग विंडोज येण्याआधीचा तो साधा निळा पडदा उघडला, जिथे यंत्राचं तापमान दिसतं. साठ होतं. सत्तर झालं. ऐंशी. मी बघत होते आणि आकडा चढत होता. ब्याण्णववर तो आकडाही अडकला. विंडोजचा दोष नव्हताच. यंत्र तापून तापून बेशुद्ध पडत होतं.

आणि तेव्हा मी पहिल्यांदा डब्याकडे नीट पाहिलं. टेबलाखाली उभा असायचा, तो आता पाटावर आडवा होता. जाळीची बाजू वर. जाळीवर हळद, कुंकू, झेंडूची एक वाळकी पाकळी.

"माय, हा आडवा कोणी ठेवला?"

"मीच. माले टेबलखाल वाकाता येत नही. पूजा कशी करू?"

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्यांची पूजा होते, विळ्याची, शिलाई मशीनची, कुंदनच्या मोटरसायकलची, कंप्युटरचीही. पण आईचा दसरा कुंदन गेल्यापासून रोजचा झाला होता. रोज बटण दाबायच्या आधी हळद, कुंकू, तुपाचं बोट लावून अक्षता. जाळीवर टाकलेलं सगळं सरळ आत, प्रोसेसरच्या पंख्यावर. मी झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांत पिवळे तांदूळ अडकून बसले होते, आणि खाली तुपात मळलेल्या कुंकवाचा थर. पंखा फिरतच नव्हता. तीन वर्षं आईने ज्याला रोज ओवाळलं, त्याचा श्वास तिनेच कोंडला होता. मला हसू आलं, आणि मग मी स्क्रू मोजायला लागले.

"तू बठ," आई म्हणाली. "मी शेव लई येस. शेवभाजी करस तुले." आणि पाय ओढत कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेली.

दात घासायच्या जुन्या ब्रशने मी पंखा साफ केला. केसातल्या पिनेने एकेक तांदूळ काढला. कुंकू खरवडून पुसलं, प्रोसेसरची उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली, पंखा बसवला, बटण दाबलं. पंखा भिरभिरला. ठिपके फिरले, थांबले नाहीत. आणि कुंदन आला.

पिंपरखेड्याला एका मळ्यात भरीत खायला गेलो होतो, तिथला फोटो होता तो. भरीत-भाकरीने तोंड भरलेलं, कपाळाला आठी, नीट खाऊ तरी दे ना, असं म्हणणारा चेहरा. फोटो मीच काढला होता. म्हणजे तो बघत होता ते माझ्याकडे. तीन वर्षं आई त्या नजरेसमोर बसत होती आणि ती नजर मुळात माझ्यासाठी होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. तापमान पंचेचाळीसच्या वर गेलं नाही. यंत्र ठणठणीत होतं. पाच रुपयांचंही काम नव्हतं त्यात. आणि मी खुर्चीत बसून एकच हिशेब करत होते. हे नीट झालं, तर आई इथेच राहणार. पुढच्या वेळी मोरीत पडेल तेव्हा दुधवाला येऊन गेलेला असेल.

मग मी कुंदनवर चिडले. मोठ्याने चिडले, लहानपणी चिडायचे तशी. म्हटलं, "तू बस इथे आरामात. भाकरी खा. ती तिकडे दोन तास ओल्यात पडली होती, तुला आहे का काही? ती तुझ्यासाठी बसलीय, तुझ्यासाठी. माझ्याकडे यायचं नाव घेत नाही. मी कोण आहे मग? सोड ना तिला." आणखीही काय काय बोलले. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा मी जळगावला अडकले होते, रस्ते बंद होते, तेही बोलले. बोलता बोलता रडायला लागले, आणि थांबता येईना.

तोंड पुसून मी यंत्र बंद केलं. पंख्याची वायर उपसली. झाकण लावलं.

आई आली. शेवेची पुडी ओट्यावर ठेवली, पदराने हात पुसले. "काय व्हयनं?"

"गया माय," मी म्हटलं. खोटं बोलताना माझ्या तोंडात तिचीच भाषा आली. "मदरबोर्ड गया. आते काहीच व्हवाव नही."

"बठ्ठं करी दखं तू?" सगळं करून पाहिलंस ना, असं ती विचारत होती.

"बठ्ठं करी दखं."

ती पाटासमोर बसली. मग उठून तांब्यात पाणी आणलं, पदराचं टोक भिजवलं आणि डबा पुसायला लागली. वरून, बाजूंनी, कोपऱ्यांतून, अंग पुसावं तसा. कपाटातून कुंदनचा धुतलेला पंचा काढून त्यावर घातला. आणि मग तिने गळा काढला.

आमच्याकडे बाया मेलेल्या माणसाशी बोलत रडतात. कुंदन गेला तेव्हा असं रडायला मिळालंच नाही. दवाखान्यातून त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं, आम्हाला चेहरा दाखवला नाही, घरी आणला नाही, आंघोळ नाही, कुणी जवळ आलं नाही. आई तेव्हा दगडासारखी बसून होती. ते सगळं रडणं तिच्यात तसंच राहिलं होतं, आणि आता ते बाहेर येत होतं.

"मना राजा रे, तुले आंघोळ घालानं ऱ्हाई गयं रे. तुनं तोंड दखानं ऱ्हाई गयं रे. तुना तोंडमा पानी टाकानं ऱ्हाई गयं रे..."

शेजारच्या बाया आल्या, दारात थबकल्या, मग तिच्याजवळ बसल्या. कुणी विचारलं नाही की एका डब्यासाठी ही का रडते. मी भिंतीला टेकून उभी होते. वायर जोडायला एक मिनिट लागलं असतं. माझी हिंमत झाली नाही.

दुपारी तिने शेवभाजी केली. जेवलो. चार लुगडी पिशवीत भरली, किल्ली शेजारी दिली आणि म्हणाली, "चाल." तीन वर्षं सतरा वेळा मागून जे मिळालं नव्हतं ते मिळालं होतं, आणि मला ते नकोसं झालं होतं.

जळगावच्या एसटीत ती खिडकीशी बसली. फागणं गेलं, मुकटी गेली. दोन्हीकडे कपाशी फुटलेली. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. पारोळ्याच्या अलीकडे मला राहवलं नाही.

"माय, एक सांगू? तो कंप्युटर..."

"माले म्हाईत शे," ती म्हणाली. "शेव लिसन वनी तवय मी दारमाच उभी व्हती. फोटो येल व्हता. तू त्याले रागे भरी ऱ्हायनी व्हती."

मी तिच्याकडे वळले.

"मंग तू रडनी. तो गया तवयपाईन तू मनासमोर एक दाव रडनी नही. माले वाटे, या पोरले काही दुख नही. मी म्हनं, त्यानी माय मी एकलीच शे." तिने खिडकीतून नजर न काढता माझा हात शोधून धरला. "आज दखं, तूबी एकलीच शे."

"पण मग तू रडलीस ते? मी गया म्हटलं तेव्हा?"

"तू म्हननी गया. मीबी म्हनं, गया." ती म्हणाली. "कोनीतरी सांगाले पाहिजे व्हतं ना वं. त्या दवाखानावाला त धड बोलनाच नहीत."

"माय, तो चालतो. नुसती वायर लावायचीय. परत जाऊ या का?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. कंडक्टर आला तेव्हा तिने चोळीतून पैसे काढले आणि मला काढू न देता दोन तिकिटं स्वतःच घेतली.